पोटाच्या आतली चरबी टेपने कळते का?

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये पोटाचा विषय इतक्या जणांनी काढलाय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त वय आणि भाग.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३८, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६६ किलो. हिंजवडीत आयटीत आहे, दिवसभर बसून काम. बीएमआय काढला तर २२.८ येतो म्हणजे एकदम नॉर्मल, पँटही कॉलेज संपल्यापासून ३२ चीच लागते. कंपनीच्या चेकअपमध्ये सोनोग्राफी केली तर फॅटी लिव्हर ग्रेड वन. घरचे म्हणतात रिपोर्ट कुणाचातरी बदलला असेल. बारीक माणसाला फॅटी लिव्हर कसं काय? — बालेवाडी

उत्तर : रिपोर्ट बदललेला नाहीये. तुमचं वजन खरं, बीएमआय खरा आणि सोनोग्राफीपण खरी, तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि पुण्यात माझ्यासमोर येणाऱ्या तुमच्या वयाच्या पुरुषांमध्ये हे अगदी नेहमी दिसतं.

पोटावर चरबी दोन ठिकाणी असते. एक कातडीखाली, जी चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांच्या भोवती आणि त्यांच्यावर पडद्यासारखी पसरलेली, ही व्हिसरल फॅट, ही चिमटीत येत नाही. पुरुषांमध्ये अंगातल्या एकूण चरबीपैकी साधारण १० ते २० टक्के अशी आत असते, बायकांमध्ये ५ ते ८ टक्के, म्हणजे वजनात बघायला गेलं तर फार नाही, पण त्रास सगळा हीच देते. कारण या आतल्या चरबीच्या बऱ्याच भागातलं रक्त थेट लिव्हरकडे जातं. ती चरबी विरघळून जे फॅटी अ‍ॅसिड सोडते ते पहिल्यांदा लिव्हरलाच झेलावं लागतं, मग तिथे चरबी साठते, इन्सुलिनचं काम नीट होत नाही, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, वाढतं आणि पुढे शुगर.

आता बीएमआयचं बघा. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा हा आकडा, तो फक्त किलो आणि मीटर ओळखतो. ६६ किलोत स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी कुठे बसलीये हे त्याला अजिबात कळत नाही. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दोघांचा शेजारीशेजारी फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि, दोघांची आडनावं इंग्रजी वाय अक्षराने सुरू होतात म्हणून, 'वाय-वाय पॅराडॉक्स' या नावाने जगभरच्या डॉक्टरांना माहीत झाला. डॉ. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, त्यात तर हे जन्मापासूनच दिसलं. बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. एवढी लहान बाळं, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे बारीक दिसायचं आणि चरबी बाळगायची ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे, तुमचा त्यात काही दोष नाही, पण म्हणून दुर्लक्षही करता येणार नाही.

तुम्ही पँटचा नंबर सांगितलात, तो कृपा करून विसरा. ३२ इंच म्हणजे ८१ सेंटीमीटर होतात, पण पँट आपण पोटाच्या खाली घालतो, पोट वाढलं की पट्टा अजून खाली सरकतो आणि नंबर तोच राहतो, वर रेडिमेड पँटवर ३२ लिहिलेलं असलं तरी टेप लावली तर बऱ्याचदा त्यापेक्षा जास्त भरते. तेव्हा कंबर मोजायची ती टेपनेच.

आता मोजायची कशी ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळे चुकतात. शिवणकामाची साधी टेप घ्या, नवीन घ्या, जुनी कापडी टेप ताणून ताणून लांब झालेली असते. सकाळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर. शर्ट वर, पँट किंवा पायजमा खाली सरकवलेला, टेप कातडीवर. दोन्ही पाय थोडे लांब ठेवून सरळ उभे राहा. आता कुशीला बोटं दाबून सगळ्यात खालची बरगडी शोधा, तिथे पेनाने टिंब करा. मग त्याच बाजूला खालून वर बोट सरकवत कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, जिथे हात कमरेवर ठेवला की टेकतो तिथे, तिथे दुसरं टिंब. दोन टिंबांच्या बरोबर मध्ये तिसरं. टेप त्या तिसऱ्या टिंबावरून जाणार. बेंबीवरून गेली, वरून गेली, खालून गेली, काही बिघडत नाही, बेंबी हा खुणेचा दगड धरायचा नाही कारण पोट सुटलं की ती पण खाली येते. टेप मागे खाली घसरते, म्हणून आरशात बाजूने बघा किंवा घरच्या कुणालातरी बघायला सांगा, ती चारी बाजूंनी जमिनीला समांतर हवी. टेकलेली हवी पण कातडीत रुतायला नको. मग नेहमीसारखा श्वास घ्या, सोडा, आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. सगळे ओढतात, माझ्यासमोर पण ओढतात, मी मग पेशंटशी गप्पा मारायला लागते आणि बोलताबोलता मोजते. दोनदा मोजा, एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर परत.

आकडा आला की दोन गोष्टी बघायच्या. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटीमीटर, बायकांसाठी ८०, ही आपल्यासाठी मुद्दाम कमी ठेवलेली आहे, युरोपियन पुरुषांना ९४ धरतात. दुसरी, आणि मला स्वतःला जास्त आवडणारी, कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. तुमची उंची १७० सेंटीमीटर, निम्मे ८५. म्हणजे तुमची कंबर समजा ८८ भरली तर ९० च्या नियमात तुम्ही पास आणि उंचीच्या नियमात नापास, आणि फॅटी लिव्हरचा रिपोर्ट हातात असताना मी उंचीचंच ऐकेन.

आणि कंबरेच्या आकड्याशेजारी एक रक्ताचा आकडा ठेवा, उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड. कॅनडातल्या क्विबेकच्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की पुरुषाची कंबर ९० च्या वर आणि ट्रायग्लिसराइड १७७ च्या वर, दोन्ही एकत्र असेल तर आत चरबी साठलेली असण्याची आणि हृदयाला धोका असण्याची शक्यता बरीच वाढते. नुसत्या मोठ्या कमरेचं पोट कातडीखालच्या चरबीचंही असू शकतं, पण सोबत ट्रायग्लिसराइड वर असेल तर चरबी आत आहे असं समजून चालायचं. कंपनीच्या चेकअपमध्ये लिपिड प्रोफाइल झालेलंच असतं, फाइल उघडून बघा. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, झालं नसेल तर करून घ्या आणि बीपी पण बघा.

प्रश्न : मॅडम, माझं वय ५२, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या सोसायटीत हेल्थ कॅम्प होता, तिथे एका मशीनवर उभं केलं आणि व्हिसरल फॅट ११ सांगितलं. लेकीकडे तसाच काटा आहे त्यावर ८ आलं. दोन्ही एकाच आठवड्यात. कुठलं खरं? माझी कंबर ८६, सीट १०४, उंची १५५ सेंटीमीटर. कंबर-सीटचं गुणोत्तर चांगलं आहे असं मैत्रीण म्हणाली. — सिंहगड रोड

उत्तर : ताई, दोन्ही आकडे अंदाज आहेत आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अंदाज आहेत, त्यामुळे त्यांची एकमेकांशी तुलनाच करू नका.

हे काटे तळपायातून अगदी हलका करंट सोडतात. पाण्याचा अंश जास्त असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून अडखळत जातो, त्या अडथळ्यावरून मशीन चरबीचा हिशोब करतं. पण तळपायाला तळपाय असा करंट एका पायातून वर जातो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो, पोटाच्या आतून फारसा जातच नाही. मग पोटाचा आकडा येतो कुठून? तुम्ही टाकलेलं वय, उंची, बाई की पुरुष, वजन, हे सगळं कंपनीच्या सूत्रात घालून. वय एका ठिकाणी ५२ आणि दुसऱ्या ठिकाणी चुकून ४२ टाकलं तरी आकडा बदलेल. पाणी पिऊन, जेवून, घाम येऊन, पाय ओले असताना उभं राहिलं तरी बदलेल. आणि ११ म्हणजे ११ किलो नाही, ११ टक्के पण नाही, ती त्या कंपनीची पातळी आहे. लेकीच्याच काट्यावर, सकाळी, दर महिन्याला एकदा उभ्या राहिलात आणि आकडा खाली येत गेला तर आनंद माना, तेवढाच त्याचा उपयोग.

तुम्ही टेपने मोजलंत ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कंबर ८६, आपली मर्यादा ८०, म्हणजे वर आहे. उंचीचे निम्मे ७७.५, त्याच्याही वर. भागाकार केला तर ०.५५. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये हाच भागाकार लोकांनी घरी काढावा असं सांगितलं, ०.५ च्या खाली ठीक, ०.५ ते ०.५९ धोका वाढलेला, ०.६ आणि वर म्हणजे जास्त धोका. तुम्ही मधल्या घरात आहात, घाबरायचं नाही पण हलायचं आहे.

मैत्रिणीचं गुणोत्तर, ८६ भागिले १०४ म्हणजे ०.८३, बायकांना ०.८५ पर्यंत चालतं असं म्हणतात त्यामुळे ती चूक बोलली नाही. पण त्या गुणोत्तरात एक गोम आहे. सीट भरलेली असेल तर कंबर वाढूनही गुणोत्तर चांगलं दिसतं, आणि समजा उद्यापासून तुम्ही मेहनत करून कंबरही कमी केली आणि सीटही कमी झाली तर गुणोत्तर तिथल्या तिथे राहतं आणि माणूस हिरमुसतो. म्हणून महिन्याच्या महिन्याला बघायला मी नुसती कंबर सांगते. मांड्या आणि सीटवरची चरबी तशी निरुपद्रवी, काही अभ्यासांत तर फायद्याची दिसलीये, पाळी सुरू असताना इस्ट्रोजेन चरबी तिकडे वळवतं. पाळी गेली की तोच साठा पोटाच्या आत व्हायला लागतो, वजन तेच राहूनही. "वजन काट्यावर एक किलो पण वाढलं नाही पण ब्लाऊज पोटाकडून घट्ट होतात" असं या वयातल्या कितीतरी जणी सांगतात, ते खरंच असतं, मनाचे खेळ नसतात.

एकच सूचना, मोजताना परकराची नाडी सोडा. नाडीचा वळ पडलेला असतो तिथे टेप आपोआप जाऊन बसते आणि तो वळ बरगडी आणि हाडाच्या मध्ये असेलच असं नाही. पहिल्या उत्तरात सांगितलंय तसं टिंबं करून मोजा, कदाचित तुमचे ८६ चे ८४ होतील किंवा ८८.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक, वय ६६. पोटाच्या आतली चरबी काढायचं एक सूत्र वाचनात आलं : ६ गुणिले कंबर, वजा ४.४१ गुणिले मांडीचा घेर, अधिक १.१९ गुणिले वय, वजा २१३.६५. माझी कंबर ९२, मांडी ५०. उत्तर १९६.३९ आलं. १०० च्या वर धोका असं लिहिलंय. सीटी स्कॅन करून खात्री करावी का? — सदाशिव पेठ

उत्तर : सर, गणित बरोबर आहे, मी पण करून बघितलं. पण दशांशानंतरचे दोन आकडे आधी खोडून टाका, कारण या सूत्राची तेवढी ताकद नाही.

सूत्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालंय, पुरुषांसाठीचं आहे, बायकांचं वेगळं आहे, त्यात बीएमआयपण धरतात. उत्तर येतं ते चौरस सेंटीमीटरमध्ये. सीटी स्कॅनमध्ये पोटाचा एक आडवा काप दिसतो, त्या कापात स्नायूंच्या आतल्या चरबीने किती जागा व्यापलीये ते क्षेत्रफळ. त्यामागचा विचार मला फार सुंदर वाटतो. कंबरेच्या घेरात कातडीखालची आणि आतली, दोन्ही चरबी येते. मांडीत मात्र आतली चरबी नसतेच, तिथे कातडीखालची चरबी आणि स्नायू. म्हणजे मांडीवरून माणसाची कातडीखाली साठवायची सवय कळते. मग कंबरेतून मांडीचा वाटा वजा केला की जे उरतं त्यावरून आतला अंदाज. दोन माणसांची कंबर ९२ च असेल, पण एकाची मांडी ५८ आणि दुसऱ्याची ५०, तर दुसऱ्याच्या पोटात जास्त आहे असं सूत्र म्हणतं, आणि बारीक पाय-मोठं पोट या आपल्याकडच्या ठेवणीला ते बऱ्यापैकी लागू पडतं.

आता तुम्ही गणिताचे आहात म्हणून चूक कुठून शिरते ते बघू. कंबरेला ६ ने गुणलंय. टेप दोन सेंटीमीटर इकडेतिकडे झाली तर उत्तर १२ ने हलतं. बेंबीवर मोजलंत आणि खरी जागा चार सेंटीमीटरने वेगळी भरत असेल तर २४. मांडी कुठे मोजलीत ते लिहिलं नाहीत. ती सगळ्यात वर मोजायची असते, सीट जिथे संपते त्या घडीच्या लगेच खाली, मांडीच्या मध्यावर मोजलीत तर आकडा कमी येतो आणि उत्तर उगीच फुगतं. तीन सेंटीमीटरचा फरक म्हणजे उत्तरात १३ ची वाढ.

आणि ज्याची मला तुमच्या बाबतीत खरी काळजी वाटते ती गोष्ट अशी की साठीनंतर मांडीचे स्नायू आटतात. चालणं कमी झालं, खुर्चीत बसणं वाढलं, की वर्षावर्षाला मांडी बारीक होते. सूत्राला वाटतं कातडीखालची चरबी कमी आहे म्हणजे आत जास्त असणार, पण कमी झालेला असतो स्नायू. सूत्र बनवलं ते सीटी केलेल्या गोऱ्या, युरोपियन वंशाच्या लोकांच्या मापांवरून, त्यांच्या मांड्या आणि आपल्या मांड्या यात फरक आहे. तेव्हा १९६ हा आकडा धरून बसू नका, पण १०० च्या बराच वर आहे म्हणजे आत चरबी आहे एवढं नक्की माना. १०० ची रेघ जपानी डॉक्टरांनी बेंबीच्या पातळीवरच्या सीटीवरून आखली. गंमत अशी की ते १०० कंबरेच्या भाषेत सांगताना जपानमध्ये पुरुषांना ८५ आणि बायकांना ९० सेंटीमीटर निघाले, बायकांना जास्त, कारण त्यांच्या पोटावर कातडीखालची चरबी जास्त असते, आत तेवढीच चरबी जमायला बाहेर घेर जास्त लागतो. २००८ पासून तिथे ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या वार्षिक तपासणीत कंबर मोजतातच.

सीटी स्कॅन नको. एवढ्यासाठी क्ष-किरणांचा डोस घ्यायचा आणि पैसे घालवायचे याला काही अर्थ नाही, आकडा १६० आला काय आणि १९० आला काय, मी सांगणार तेच आहे. त्याऐवजी घरी एक माप अजून घ्या. जमिनीवर सतरंजी टाकून उताणे झोपा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर टेकवा. कुणीतरी पोटावर, कमरेच्या हाडांच्या पातळीला, एक सपाट पुस्तक आडवं ठेवावं, न दाबता. श्वास सोडला की पुस्तकाच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची फूटपट्टीने घ्यायची. झोपल्यावर कातडीखालची चरबी बाजूला कुशीकडे ओघळते, आतली चरबी मात्र पोट वर धरून ठेवते, त्यामुळे झोपूनही पोट डोंगरासारखं उभं राहत असेल तर ते आतलं आहे. हॉस्पिटलमध्ये यासाठी खास कॅलिपर असतो, घरी पुस्तकावर चालतं. दर दोन महिन्यांनी तेच पुस्तक, तीच जमीन, गादीवर नाही. आणि मांडीचा आकडा पण लिहीत जा, पण तो वाढावा किंवा निदान टिकावा म्हणून. रोज खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, जमेल तेवढ्या वेळा, आणि जेवणात डाळ-उसळ-ताक-पनीर-अंडी यातलं जे चालतं ते वाढवायचं. कंबर कमी आणि मांडी तशीच, असं झालं तर सूत्र न लावता मी तुम्हाला शाबासकी देईन.

प्रश्न : रोज १०० सिटअप्स आणि पोटाला घाम येणारा पट्टा बांधतोय, तीन महिने झाले, पोट तसंच आहे. ओवा-जिऱ्याचं पाणी पण चालू आहे. — हडपसर, वय २९

उत्तर : पट्टा सोडा. घाम म्हणजे पाणी, ते पाणी प्यायलं की परत येतं. सिटअप्सने पोटाचे स्नायू मजबूत होतात पण त्यांच्यावरची किंवा आतली चरबी नेमकी तिथूनच जळत नाही. ओवा-जिरं आवडत असेल तर प्या, चरबीशी त्याचा संबंध जोडू नका.

आतल्या चरबीची एक चांगली बाजू अशी की हालचाल वाढवली की ती हलते, आणि कधीकधी तर वजनकाटा जागचा हलायच्या आधीच कंबर कमी होते. म्हणून सांगते, दम लागेल असं चालणं, तळजाई, वेताळ टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, जे घराजवळ असेल ते, आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा-पाऊण तास. दोन दिवस वजनाचे व्यायाम. संध्याकाळचा क्रीमरोल, कोल्ड्रिंक आणि विकेंडची बिअर या तीन गोष्टी पोटाच्या आत थेट जमा होतात असंच समजा. आणि झोप, रात्री दोनपर्यंत मोबाईल बघून सकाळी टेकडी चढता येत नाही. कंबर आज मोजून भिंतीवर लिहा, परत एक महिन्याने. रोज मोजू नका, रोजचा फरक गॅस आणि जेवणाचा असतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या. हातपाय बारीक, वजन तर गेल्या दोन-तीन महिन्यांत कमी झालंय पण पोट वाढलंय. भूक लागत नाही, चार घास खाल्ले की पोट भरलं म्हणतात. मी तुमच्या मागच्या एका उत्तरातलं वाचून कंबर मोजली, ९६ आली. त्यांना खाणं कमी करायला सांगू का? — चिंचवड

उत्तर : नाही, खाणं अजिबात कमी करू नका, आणि या बाबतीत टेप बाजूला ठेवा.

टेपचा अंदाज तेव्हाच धरायचा जेव्हा पोट वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेलं असतं. पोटात पाणी झालं असेल, हर्निया असेल, मोठी गाठ असेल, बाई गरोदर असेल, तर कंबर मोजून चरबीबद्दल काहीही कळत नाही. चरबीने पोट वाढतं तेव्हा वजन पण साधारण वाढतं किंवा तेवढंच राहतं. तुम्ही लिहिलेलं उलटं आहे, वजन खाली, पोट वर, भूक मेलेली, दोन घासांत पोट भरणं. सत्तरीच्या बाईमध्ये हे दिसलं की लिव्हर आणि अंडाशय हे दोन्ही बघितल्याशिवाय थांबायचं नाही. "वयाने पोट सुटतंच" म्हणून घरोघरी हे महिनोन् महिने तसंच राहतं, ते मला बघवत नाही.

त्यांच्या पायाला सूज येते का बघा, घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि काढल्यावर खड्डा राहतो का. डोळे पिवळसर दिसतात का, संडासचा रंग काळा आहे का, पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर परत रक्त दिसलंय का, हे तुम्ही विचारलंत तर त्या सांगतील, मुलाला सांगणार नाहीत. हे सगळं कागदावर लिहा, त्या ज्या गोळ्या घेतात त्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि याच आठवड्यात तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन जा, पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या ते लिहून देतील. तोपर्यंत थोडं थोडं, पाच-सहा वेळा, मऊ खायला द्या, मुगाची खिचडी, तूप, चालत असेल तर अंडं. सोनोग्राफीचा रिपोर्ट आला की मला परत लिहा.